टाकीला टाके

माझा चहा नेहमी गार होतो. बोलायला बसलो की कप हातात तसाच राहतो, ही जन्माची खोड. पण धाकट्या भाचीकडे राहायला आलो आणि त्यानंतर कितीतरी वर्षं मी गार चहा प्यायलो नाही. तो गॅसवर पुन्हा चढवला असं मात्र समजू नका. गार झालेला कप भाचीच्या नवऱ्याच्या हातात द्यायचा आणि सहज बोलल्यासारखं म्हणायचं, "काल थोरलीकडे गेलो होतो. त्यांच्या दाराची कडी काय अलगद लागते हो." एवढं पुरे. कप परत घेईपर्यंत चहाला वाफ आलेली असायची.

लोक म्हणतात, अमका तमक्यावर जळतो. म्हणायला काय जातं. खरोखर जळणारा माणूस मी एकच पाहिला, तो हा आमचा जावई. धंद्यानं शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान, मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे माझी खाट, आणि वर गच्ची. माणूस सरळ, हात गुणी, शर्टाची कॉलर अशी बसवायचा की घालणाऱ्याची मान आपोआप ताठ व्हावी. दुखणं एकच होतं, त्याचा साडू.

साडू म्हणजे माझ्या थोरल्या भाचीचा नवरा. तोही जावईच माझा, पण समोरच्या गल्लीत राहणारा. त्याचं गॅरेज होतं, म्हणून त्याला सगळे गॅरेजवाला म्हणत. त्याच्या घरात काही म्हणून बिघडलेलं नसायचं. दार करकरत नाही, पंखा डुगडुगत नाही, नळ एका बोटानं बंद होतो. आमच्याकडचा नळ बंद करायला पकड लागायची, आणि ती पकडसुद्धा गॅरेजवाल्यानंच दिलेली. शिंपी ती हातात घेताना तोंड दुसरीकडे फिरवायचा.

एकदा त्याला डॉक्टरांकडे नेलं. थर्मामीटर लावला, ताप नाही. मी सहज विचारलं, "डॉक्टर, आमच्या दुसऱ्या जावयांची तब्येत काय म्हणते?" डॉक्टर म्हणाले, "त्यांची? लोखंड आहे लोखंड." पारा सरसर वर गेला आणि नळीच्या टोकाला डोकं आपटून थांबला. डॉक्टरांनी तो थर्मामीटर अजून कपाटात ठेवलाय. विश्वास नसेल तर विचारून या, फक्त डॉक्टर आता हयात नाहीत.

धाकटी हुशार. नवऱ्याचा ताप तिनं कामाला लावला होता. इस्त्रीचे कपडे साठले की ती शिलाई मशीनशेजारी गठ्ठा ठेवायची आणि स्वयंपाकघरातून मोठ्यानं म्हणायची, "भाऊजींनी ताईला नवी खिडकी बसवून दिली म्हणे." शिंपी दात-ओठ खात तळहातानं शर्ट दाबत सुटायचा. एकेक घडी अशी पडायची की कागद कापावा. एकदाच बिघडलं. गिऱ्हाईक स्वतःच गॅरेजवाल्याचं कौतुक करत बसलं, आणि त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर पाच बोटांचा तपकिरी पंजा उमटला.

हसण्यावारी जाण्यासारखी गोष्ट होती, पण मी त्याच घरात राहत होतो, मला आतलं दिसत होतं. शिंप्याला त्या खिडकीचं नि कडीचं एवढं काही नव्हतं. त्याला सलायचं ते वेगळंच. धाकटी बहिणीकडून परत आली की थोडा वेळ गप्प असायची. चपला काढायची, पदराला हात पुसायची, आणि दुकानाच्या दारात उभं राहून नवऱ्याकडे, मशीनकडे, भिंतीकडे बघत राहायची. शिंपीच तो. माप घेणारी नजर त्याच्याइतकी कुणाला कळणार. त्याला वाटायचं, ही आपलं माप घेतेय. त्या घरातला माणूस बघून आली आणि आता आपण कुठं आखूड पडतो ते बघतेय. विचारायची हिंमत नव्हती. मग तो जळायचा, आणि मी चहा गरम करून घ्यायचो. म्हाताऱ्या माणसानं दुसरं काय करायचं.

त्यातच टाकीचं प्रकरण झालं.

झालं असं, की गॅरेजवाल्यानं आपली पाण्याची टाकी उंच लोखंडी स्टँडवर चढवली. धाकटी तिकडे केस धुवून आली. ओले केस टॉवेलात गुंडाळत दारातच म्हणाली, "काय धार आहे हो ताईकडे. साबण एका दमात निघाला. आपल्याकडे नळाखाली बसलं की वाटतं, कुणीतरी वरून रडतंय."

मी घाईघाईनं माझा कप शोधायला लागलो. तेवढ्यात शिंपी उठून गच्चीवर गेलेला.

आमची टाकी काळी, प्लास्टिकची, जाडजूड, गच्चीच्या सपाट ओट्यावर वर्षानुवर्षं गुमान बसलेली. शिंप्यानं ती रिकामी केली, कुठून कुठून विटा गोळा केल्या, चार कोपऱ्यांत त्यांचे चार ढीग रचले आणि त्यावर टाकी चढवली. मी जिन्यातून बघत होतो. म्हटलं, "जावईबापू, मधे आधार नाही."

"मामा, तुम्ही खाली जा."

"पोट लोंबेल तिचं."

"तुमचं लोंबतंय, त्याला काही झालं का?"

मी खाली गेलो. टाकी भरली. संध्याकाळी नळाला धार आली खरी, आणि धाकटी "अगं बाई" म्हणाली, आणि शिंप्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, संपलं आता, उद्यापासून गार चहा. पण लोकांबद्दल आपण म्हणतो ना, की तो अमक्याला पाण्यात पाहतो, तसं या माणसाचं खरोखर झालं. तो टाकीचं झाकण उघडून आपली करामत बघायला वाकला, तर पाण्यात त्याला साडूचा चेहरा दिसला. तोच टापटीप भांग, तेच हसू. "काय साडूबुवा, विटांवर?" असं तो पाण्यातनं म्हणाला, हे मला स्वतः शिंप्यानं सांगितलं. मी पदरचं काही घालत नाही.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बसलो होतो. वरून आवाज आला, टर्र. शिंपी मान वर करून म्हणाला, "कुणी कापड फाडलं?" त्याच्या कानाला दुसरं काय कळणार. तोपर्यंत पाणी जिन्यानं पायरी पायरी उतरून दुकानात आलं. बेतून ठेवलेल्या बाह्या तरंगत दाराकडे निघाल्या. त्यांच्यामागून माझी एक चप्पल.

वर जाऊन पाहिलं. टाकीचं पोट विटांच्या मधे झोळीसारखं लोंबलेलं, आणि तळाच्या कडेपासून भिंतीवर हातभर चीर. उरलं-सुरलं पाणी आम्ही बादल्यांत, पातेल्यांत, डब्यांत, मिळेल त्यात भरलं. धाकटीनं चीर बघितली आणि इतकंच म्हणाली, "भाऊजींना बोलवू का?"

"काही गरज नाही," शिंपी म्हणाला. "फाटलंय. मी फाटलेलंच जोडतो आयुष्यभर."

आणि त्यानं टाकी शिवायला घेतली.

तुम्ही हसाल, पण ती शिवण तुम्ही बघायला हवी होती. चिरेच्या दोन्ही बाजूंनी त्यानं बारीक भोकं पाडली, एका रेषेत, सारख्या अंतरावर. दाभण घेतला, ताडपत्रीचा नायलॉनचा दोरा घेतला, आत रेक्झिनचं अस्तर लावलं, आणि बाहेरून असे टाके घातले की टाकी एखाद्याच्या लग्नाला निघाल्यासारखी दिसायला लागली. वरून घरात होता नव्हता तेवढा गोंद फासला. टाकीला टाके घालणारा जगात तो पहिलाच. मला म्हणाला, "बघा मामा, उसवून दाखवावं कुणी."

पाणी सोडलं. आधी गळत होतं ते एका चिरेतून. आता प्रत्येक टाक्याच्या भोकातून एकेक बारीक धार निघाली, सगळ्या सारख्या, सगळ्या शिस्तीत. गोंद पापुद्र्यासारखा सुटून खाली आला. धाकटी पदर खोचून बघत उभी होती.

"अहो," ती म्हणाली, "असंच राहू द्या. मी इथंच अंघोळ करत जाईन. ताईकडच्यापेक्षा छान धार आहे."

तिला हसू आवरत नव्हतं, आणि ते हसू वाईट नव्हतं. पण जळणाऱ्याला हसण्यातला फरक कळत नाही. शिंप्याच्या कपाळावरचं पाणी तिथल्या तिथं सुकलं.

बातमी गल्ली ओलांडून जायला वेळ लागत नाही. दुपारी गॅरेजवाला हजर. दारात वाकडं झालेलं पायपुसणं त्यानं पायानं सरळ केलं, आत येता येता खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून कडीचा ढिला स्क्रू आवळला, आणि मग म्हणाला, "काय साडूबुवा, टाकी शिवलीत म्हणे?"

"बसा," शिंपी म्हणाला.

"काज-बटण पण केलं का?"

"साडू, बसा म्हटलं."

गॅरेजवाला बसला. मनाचा वाईट नव्हता तो, हीच तर पंचाईत. वाईट असता तर शिंप्याला जळायची गरज पडली नसती, नुसतं भांडून भागलं असतं. तो म्हणाला, "ह्या प्लास्टिकला गोंद धरत नाही हो. कशानं चिकटत नाही ते. त्याच जातीचं प्लास्टिक वितळवून चिरेत भरायचं, मूळ कडाही मऊ करायच्या, म्हणजे एकजीव होतं. गाड्यांचे बंपर आम्ही असेच जोडतो. उद्या दुपारी गरम हवेची गन घेऊन येतो, चुटकीसरशी होईल. थोरलीलाही आणतो. जेवायलाच येतो."

"या ना भाऊजी," धाकटी म्हणाली, "फार बरं होईल."

फार बरं होईल. एवढे तीनच शब्द. शिंपी प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. गॅरेजवाला निघून गेला, धाकटी आत गेली, आणि शिंप्यानं खुर्चीच्या हातावरून हात उचलला. माझं लक्ष गेलं. खुर्चीचा हात त्याच्या बोटांच्या आकारात वितळला होता.

मी खुर्चीकडे बघितलं. मग त्याच्या हाताकडे. मग वर, गच्चीच्या दिशेनं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला क्वचितच काही सुचतं. सुचलं की ते सोडवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोघांना गच्चीवर नेलं. धाकटीला बुटकं स्टूल दिलं. टाकी आडवी करून जुन्या गोधडीवर लोळवली, पुसून कोरडी केली.

"जावईबापू," मी म्हटलं, "दुपारी तो यायच्या आत टाकी तुमच्या हातानं नीट करायची आहे का?"

"माझ्या हातानं काय होतंय ते कालच बघितलंत."

"शिवून नाही. जळून."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की तेवढ्यावरच तव्यावर काहीतरी भाजता आलं असतं. मी खुर्ची वर आणून ठेवलीच होती. ती दाखवली. त्यानं त्या खळग्यांत आपली बोटं बसवून पाहिली. मग खाली मान घालून म्हणाला, "म्हणजे सगळ्यांना माहीत आहे."

"अहो, आपल्या घरात इस्त्री का नाही असं तुम्हाला वाटत होतं?" धाकटी म्हणाली.

काम मात्र त्यानं नेटकं केलं. आधी स्वतःचे टाके स्वतः उसवले, हे शिंप्याला किती जड जातं ते शिंप्यालाच माहीत. चिरेच्या कडा टाक्यांच्या भोकांसकट घासून तिरप्या केल्या, म्हणजे मधे भराव बसायला पन्हळ झाली. चिरेच्या टोकाला गोल भोक पाडलं. मी विचारलं, हे कशाला. म्हणाला, "काजाचं टोक गोल ठेवतात, मामा. नाहीतर फाटत पुढे जातं." भरायला त्याच टाकीच्या झाकणाची रुंद कड कापून घेतली, रिबिनीसारख्या लांब पट्ट्या केल्या. एक पट्टी पन्हळीत ठेवली, वर तळहात ठेवला, आणि डोळे मिटून म्हणाला, "हं."

"बोल," मी धाकटीला म्हटलं.

"काय बोलू?"

"तुझ्या भाऊजींचं काहीतरी चांगलं."

तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात सुरुवात केली. "भाऊजी... वेळेवर घरी येतात."

पट्टी जराशी चमकली.

"भाऊजी भाजी आणतात ती निवडून आणतात. एक पान किडकं नसतं."

पट्टी मऊ झाली, कडेनं बसायला लागली. शिंपी बोट फिरवत पुढे सरकला.

"भाऊजींच्या डोक्यावरचा एक केस पांढरा नाही."

प्लास्टिक मधासारखं वाहायला लागलं. मी म्हटलं, "हळू, हळू. धूर निघतोय. जरा वाईट सांग."

"भाऊजी घोरतात."

धूर बसला. पट्टी जागेवर घट्ट झाली. आणि लगेच पुन्हा उकळायला लागली. शिंप्यानं डोळे उघडले होते. "तुला काय माहीत घोरतात ते?"

"ताईनं सांगितलं हो."

"हां." पट्टी निवली.

अशी आम्ही बोट बोट चीर भरत गेलो. धाकटीला आच कमी-जास्त करायचं चांगलं जमायला लागलं, स्वयंपाकाचा हात तो. जाड भागाला ती गाडी, खिडकी, पगारी नोकर असं मोठं लाकूड घालायची, बारीक भागाला नुसतं "भाऊजींच्या शर्टाला कधी डाग नसतो" एवढीच काडी. त्यावर मात्र शिंपी म्हणाला, "शर्ट मी शिवलेत ते," आणि बराच वेळ हात गारच राहिला.

उन्हं चढली. राहिला तो फक्त तळाचा कोपरा, जिथं बूड आणि भिंत मिळते. तिथं प्लास्टिक सगळ्यात जाड, आणि पाण्याचा सगळा भारही तिथंच. धाकटीनं कडीपासून पुन्हा सुरुवात केली. काही होईना. खिडकी झाली, नळ झाला, स्टँड झालं. शिंपी ऐकून ऐकून मुरला होता. "पुढचं सांग," तो म्हणायला लागला, जसा कुणी बातम्या ऐकतो. पट्टी थंड, कोपरा उघडा, आणि खालून, समोरच्या गल्लीतून, गॅरेजवाल्याच्या स्कूटरचा आवाज आला. ती एका किकमध्ये सुरू झाली. अर्थातच.

"आता?" शिंपी म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "तो येऊन माझ्या घरात, माझ्या टाकीचा, हा एवढा कोपरा भरून जाणार. आणि ही म्हणणार, फार बरं झालं."

मी धाकटीकडे पाहिलं. तिनं मान हलवली, नको मामा. पण माझ्या तोंडात गोष्ट आली की ती परत जात नाही, हे सगळ्या घराला ठाऊक आहे.

"जावईबापू," मी म्हटलं, "गॅरेजवाल्यानं आधी हिलाच विचारलं होतं. लग्नाचं. थोरलीचं नंतर ठरलं."

गच्चीवर जे झालं ते मी सांगतो, पटलं तर घ्या. कठड्यावरची कबुतरं उडाली. शेजारी भरून ठेवलेल्या बादल्यांतून बुडबुडे यायला लागले, पातेल्यातलं पाणी खदखदायला लागलं. दोरीवरचे ओले कपडे कडकडीत वाळून पाट्यांसारखे ताठ झाले. शिंप्याच्या हाताखालची पट्टी कुठं गेली ते कळलंच नाही, कोपरा वितळून लोण्यासारखा झाला आणि त्याचा पंजा आत आत रुतत चालला. आणखी थोडा गेला असता तर हात आरपार आणि टाकी कायमची बाद.

तो ओरडला नाही. अगदी हळू म्हणाला, "खरं?"

"खरं," धाकटी म्हणाली.

"मग?"

"मग काय. मी नाही म्हटलं."

"का?"

धाकटी स्टुलावरून उठली आणि त्याच्याशेजारी गोधडीवर बसली. "अहो, ते आमच्या घरी आले. बसायच्या आत भिंतीवरचं घड्याळ सरळ केलं. मग टेबलाखाली कागदाची घडी घालून ते डुगडुगायचं थांबवलं. मग आईला म्हणाले, हा पडदा दोन बोटं खाली हवा. मला वाटलं, घर संपलं की हा माणूस मला दुरुस्त करायला घेईल. माझं चालणं, माझं हसणं. जन्मभर पकड घेऊन मागे. मी स्वयंपाकघरात जाऊन ताईला सांगितलं, मला नको. ताई म्हणाली, तुला नको तर मी आहे की, मला टापटीप आवडते. झालं."

"आणि मी?"

"तुम्ही आलात तेव्हा आईनं चुकून तुम्हाला मोडकी खुर्ची दिली. तिचा मागचा पाय निखळलेला. तुम्ही बसलात, तुम्हाला कळलं, आणि तुम्ही काही बोलला नाहीत. सगळा वेळ एका हातानं खुर्ची खालून धरून बसलात, आणि दुसऱ्या हातानं चहा प्यायलात. मी दाराआडून बघत होते. मी म्हटलं, हा मोडक्याला नावं ठेवत नाही. सावरून घेतो."

बादल्यांचे बुडबुडे थांबले होते.

शिंपी म्हणाला, "मग तिकडून आलीस की गप्प का असतेस? दारात उभी राहून माझ्याकडे का बघतेस?"

हाच तो प्रश्न. इतकी वर्षं त्याच्या घशात अडकलेला.

"त्या घरात काही वाजतच नाही हो," धाकटी म्हणाली. "दार वाजत नाही, नळ वाजत नाही, खुर्ची वाजत नाही. कानात दडे बसतात. घरी आले तरी थोडा वेळ तसंच वाटतं. मग मी दारात उभी राहते, तुम्ही मशीन कधी चालवताय याची वाट बघत. तुम्ही मात्र मी आले की मशीन थांबवून माझ्या तोंडाकडे बघत बसता. मला वाटायचं, यांना मी एवढ्यात परत आलेली नको असते."

शिंप्याला हसू आलं, की आणखी काही आलं, ते मला दिसलं नाही. मी दुसरीकडे बघत होतो, कधीतरी तेवढी लाज मलाही असते. पुन्हा पाहिलं तेव्हा त्याचा हात अजून कोपऱ्यावरच होता, पण गार. हाताखालचं प्लास्टिकही गार, टणक, एकजीव. त्यानं पंजा अलगद सोडवला. कोपऱ्यात त्याच्या हाताचा ठसा उमटला होता, पाची बोटं, तळव्याच्या रेघांसकट. अंगठ्यावर सुईची जुनी खूण होती, तीसुद्धा.

विटा आम्ही बाजूला केल्या. टाकी पुन्हा सपाट ओट्यावर, आपल्या जुन्या जागी बसवली, सगळं बूड टेकून. बादल्या-पातेल्यांतलं पाणी तिच्यात ओतलं, ते अजून कोमट होतं, मग मोटर लावली. भरत भरत काठापर्यंत आली. आम्ही तिघं कोपऱ्याशी उकिडवे बसून बघत होतो. एक थेंब नाही.

वाटेत कुणाची तरी बंद पडलेली गाडी सुरू करून देऊन गॅरेजवाला वर आला तेव्हा त्याच्या हातात गन होती, मागून थोरली जिना चढत होती. त्यानं टाकीला एक चक्कर मारली. चिरेवरून बोट फिरवलं. नखानं खरवडून बघितलं. मग खाली बसून त्या पंजाच्या ठशावर स्वतःचा हात ठेवून पाहिला. बसेना. त्याची बोटं लांब पडली.

"कुठली गन वापरलीत?" त्यानं विचारलं.

"हातानंच केलं," शिंपी म्हणाला, आणि धाकटीकडे बघून हसला. धाकटीही हसली. दोघांचं काहीतरी गुपित असलं की माणसं जशी हसतात तसं.

थोरलीनं वाकून शिवण बघितली. "किती सफाईदार आहे हो," ती म्हणाली. "आमच्याकडे यांनी बंपर जोडला की रेघ दिसते. इथं बोटाला लागतसुद्धा नाही." आणि मग नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही बघून घ्या जरा, कसं केलंय ते."

गॅरेजवाल्यानं आपला भांग सारखा केला. गन एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. धाकटी त्याला पाण्याचा ग्लास देऊन गेली, टाकीतलं कोमट नव्हे, खालच्या माठातलं, गारेगार. तो ग्लास धरून उभा होता, आणि बघत होता समोर, जिथं शिंपी जिना उतरत होता आणि धाकटी त्याच्या खांद्यावरचा प्लास्टिकचा भुगा झटकत होती.

मी त्याच्याशेजारीच होतो. ग्लासावर जमलेले थेंब आधी सुकले. मग पाण्यावर एक बारीक रेघ उठली, वर गेली आणि विरली. मी नीट बघितलं. वाफ होती.

मी तो ग्लास त्याच्या हातातून हळूच काढून घेतला. म्हटलं, "राहू द्या जावईबापू, भाजेल."

तेव्हापासून धाकटीच्या घरात विजेची इस्त्री आली आहे. शिंप्याचा हात फार झालं तर कोमट होतो, तोही कधीमधी. धाकटी बहिणीकडून आली की मशीन मुद्दाम जोरात वाजायला लागतं. आणि माझा चहा पहिल्यासारखा गार. म्हणून मी आता चार वाजले की कप हातात धरून, वर बशी झाकून, समोरच्या गल्लीत थोरलीकडे जातो. दार अलगद उघडतं, खुर्ची वाजत नाही, गॅरेजवाला "या मामा" म्हणतो. मी कप त्याच्या हातात देतो आणि सहज बोलल्यासारखं म्हणतो, "सकाळी गच्चीवर गेलो होतो. तो कोपरा बघितला. अजून कोरडाच आहे हो."